ऑर्किड पाण्याने मरते, पाहण्याने जगते



घरात भेट म्हणून येणाऱ्या वस्तू दोन प्रकारच्या असतात. काही आल्या दिवसापासून कामाला येतात, तर काही आल्या दिवसापासून आपल्यालाच कामाला लावतात. स्टीलचा डबा पहिल्या प्रकारात मोडतो, ऑर्किडची कुंडी दुसऱ्या प्रकारात.

पूर्वी ही कुंडी मोठ्या हॉटेलात नाहीतर साहेबांच्या केबिनमध्ये दिसायची. अलीकडे ती आपल्या घरांतही येऊ लागली आहे. कुणी सेवानिवृत्त होते, तेव्हा खात्यातले लोक गुच्छाऐवजी कुंडी देतात. कुणाची मुलगी नोकरीला लागते आणि पहिल्या पगारात आईसाठी घेऊन येते. कार्यालयांत, हॉटेलांत सफाईचे काम करणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी कार्यक्रमानंतर टाकून दिलेली कुंडी घरी आणतात. दोन-अडीच महिने फुले टवटवीत असतात, शेजारीपाजारी कौतुक करतात. मग एकेक फूल गळते. पाने मऊ पडतात, लोंबू लागतात, त्यांवर सुरकुत्या येतात. आणि एक दिवस घरातले कुणीतरी म्हणते, "मेलं ते, टाकून द्या."

गेल्या महिन्यात एका भगिनीने विचारले, "भाऊ, रोज न चुकता पाणी घालते, तरी सुकतंय कसं?" खरे पाहता या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे. रोज न चुकता पाणी घातले म्हणूनच ते सुकते आहे. तुळस, मोगरा, जास्वंद यांना लावलेला नियम ऑर्किडला लागू पडत नाही. का पडत नाही, हे समजून घेतले तर मरायला टेकलेली निम्मी-अधिक झाडे वाचू शकतील. म्हणून आजचे सदर याच विषयावर.

बांडगूळ नव्हे

बाजारात कुंडीत मिळणाऱ्या ऑर्किडपैकी बहुतेक फॅलेनॉप्सिस नावाच्या जातीची असतात. रुंद, जाड, जमिनीलगत पसरलेली पाने, मधून निघालेला लांब वाकडा दांडा आणि त्यावर पतंगाच्या आकाराची पांढरी किंवा गुलाबी फुले. या नावाचा अर्थही 'पतंगासारखे दिसणारे' असाच आहे. हिचे मूळ घर इंडोनेशिया, फिलिपिन्स या बाजूची दमट रानेवने. तिथे ती मातीत वाढत नाही. मोठ्या झाडांच्या खोडावर, फांदीच्या बेचक्यात ती बसलेली असते आणि तिची मुळे उघड्या हवेत लोंबत असतात.

कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावाकडून आलेल्या मंडळींना हे चित्र नवे वाटणार नाही. मे-जूनच्या सुमारास आंब्याच्या, जांभळाच्या जुन्या फांद्यांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे कोल्ह्याच्या शेपटीसारखे झुबके लोंबतात. त्याला आपण सीतेची वेणी म्हणतो. तेही ऑर्किडच. मराठीत या सगळ्या कुळाला आमरी असे नाव आहे. आसामात हेच फूल बिहूच्या सणाला स्त्रिया केसांत माळतात आणि ते त्या राज्याचे राज्यफूल आहे.

गावाकडे पुष्कळ लोक आमरीला बांडगूळच समजतात आणि झाडाचे नुकसान होईल म्हणून खरवडून काढतात. हा गैरसमज आहे. बांडगूळ झाडाच्या फांदीत मुळे खुपसून त्याचा रस पिते. आमरी झाडाचे काहीच घेत नाही. तिला फक्त बसायला जागा लागते. आपले अन्न ती आपल्या पानांत स्वतः तयार करते, आणि पाणी घेते ते पावसाच्या सरीतून, दवातून, सालीवरून ओघळणाऱ्या थेंबातून. पाऊस पडतो, मुळे भिजतात आणि लगेच वाऱ्याने सुकतात. भिजणे आणि सुकणे, पुन्हा भिजणे आणि पुन्हा सुकणे, हेच तिचे आयुष्य.

आता अशा झाडाला आपण घट्ट मातीत, बिनभोकाच्या चकचकीत कुंडीत बसवले आणि रोज ग्लासभर पाणी ओतले, तर काय होईल? मुळांना हवा मिळणार नाही. ती गुदमरून कुजतील. मुळे कुजली की कुंडीत पाणी असूनही पानापर्यंत पोचणार नाही आणि पान सुरकुतेल. आपल्याला वाटेल, तहान लागली. मग आपण आणखी पाणी घालू. ऑर्किड बहुधा असे मरते. त्यात घरच्यांच्या मायेला काही कमी नसते.

'श्रीमंतांचे फूल' ही समजूत

आपल्याकडे एक भावना असते की हे मोठ्या लोकांचे झाड, आपल्याला त्यातले काय कळणार? तेव्हा थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या धनिकांना ऑर्किडचे वेड लागले होते. त्यांच्यासाठी दक्षिण अमेरिकेतून, आशियातून जहाजे भरभरून रोपे जात. अल्बर्ट मिलिकन नावाच्या ऑर्किड गोळा करणाऱ्याने १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे की, कोलंबियाच्या जंगलात दहा हजार रोपे मिळवण्यासाठी सुमारे चार हजार झाडे तोडली गेली. त्या काळात इंग्लंडात पोचलेली पुष्कळ रोपे बंद, कोंदट, तापवलेल्या काचघरांत मरून गेली. म्हणजे ज्यांच्याजवळ पैसा होता, नोकर होते, माळी होते, त्यांच्याकडेही ऑर्किड मरतच होती. हवा हवी, ही साधी गोष्ट ध्यानात यायला त्यांना बरीच वर्षे लागली.

दुसरी हकीकत याहून मोलाची आहे. आइस्क्रीममधला व्हॅनिला आपण सगळे ओळखतो. खरा व्हॅनिला हीसुद्धा एका ऑर्किडच्या वेलीची शेंग आहे. ही वेल मूळची मेक्सिकोतली. युरोपीय लोकांनी ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेऊन लावली, पण फूल येई आणि शेंग धरत नसे, कारण परागीकरण करणारे तिकडचे कीटक इथे नव्हते. १८४१ साली त्या बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एक बारीक काडी घेतली, फुलातला पातळ पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबून बसवला. शेंग धरली. ना शाळा, ना पुस्तक. मालकाच्या मागून बागेत हिंडताना त्याने फूल नीट पाहिले होते, एवढेच. पुढे एका नामवंत वनस्पतितज्ज्ञाने ही युक्ती आपलीच असल्याचा दावा केला. १८४८ साली तिथली गुलामगिरी संपली, एडमंडला अल्बियस हे आडनाव मिळाले, पण त्याच्या शोधावर इतर लोक श्रीमंत झाले आणि तो १८८० साली गरिबीतच वारला. आजही जगभर व्हॅनिलाच्या मळ्यांत फुलांचे परागीकरण हाताने, त्याच्याच पद्धतीने करतात.

आणि ऑर्किड स्वस्त झाले ते प्रयोगशाळेमुळे. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसतो. रानात एका विशिष्ट बुरशीची मदत मिळाली तरच ते रुजते. अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी १९२२ साली साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले. १९६० साली फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून रोपे करण्याची पद्धत पुढे आणली. तिथून हजारो रोपे एकसारखी तयार होऊ लागली. आपल्याकडे सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ साली राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र सुरू झाले. तेव्हा हे फूल आता कुणाच्या खानदानाची मिरास राहिलेले नाही. एडमंडने जे केले तेच आपल्याला करायचे आहे. झाड जवळ घेऊन नीट पाहायचे.

आधी मुळे पाहा

पाने सुरकुतली म्हणजे दोन कारणे संभवतात. एक, पाणी खरोखर कमी पडले. दोन, पाणी जास्त होऊन मुळे कुजली. पानावरून यांतला फरक कळत नाही. मुळे पाहिल्याशिवाय निदान होत नाही.

बाहेरची शोभेची कुंडी बाजूला काढा. आत बहुधा पातळ प्लॅस्टिकची कुंडी असते. ती दाबून सैल करा आणि झाड हलक्या हाताने बाहेर काढा. निघत नसेल तर पंधरा-वीस मिनिटे पाण्यात बुडवून ठेवा, मुळे लवचिक होतात. मुळांच्या मधोमध स्पंजासारखा एक घट्ट गोळा सापडतो. ते स्फॅग्नम नावाचे वाळवलेले शेवाळ. नर्सरीत ते सोयीचे असते, पण आपल्या घरी हाच गोळा दिवसचे दिवस ओला राहून मुळे कुजवतो. तो बोटांनी हळूहळू मोकळा करून काढून टाका. मग नळाच्या बारीक धारेखाली मुळे धुवा.

आता एकेक मूळ दोन बोटांत धरून दाबा. टणक लागले आणि रंग हिरवा किंवा चंदेरी-पांढरा असला तर ते जिवंत. तपकिरी, लिबलिबीत, दाबल्यावर पाणी सुटणारे किंवा पोकळ होऊन आतला दोरा तेवढा उरलेले असेल तर ते मेलेले. नुसत्या रंगावर जाऊ नका. शेवाळात राहून काही मुळे पिवळट दिसतात पण टणक असतात, ती चांगलीच समजावीत.

मग झाडाचा गाभा पाहा. गाभा म्हणजे नवे पान जिथून निघते ती मधली जागा. गाभा काळा पडून मधले पान ओढताच हातात आले, तर आशा फार थोडी. पण गाभा हिरवा असेल, दोन तरी टणक पाने असतील आणि एक-दोन तरी जिवंत मुळे असतील, तर झाड टाकू नका. ते वाचण्यासारखे आहे.

कापणी

कात्री किंवा ब्लेड गॅसच्या ज्योतीवर धरून किंवा स्पिरिटने पुसून घ्या. मेलेली मुळे चांगल्या भागापर्यंत कापून टाका. कापलेल्या टोकांना चिमूटभर दालचिनीची पूड लावली तर जखम सुकते. मात्र ती चांगल्या मुळांवर चोळू नका, तीही कोरडी पडतात. फुलदांडा शिल्लक असेल तर आजारी झाडाचा तो बुडापासून कापा, हिरवा असला तरी. ज्या घरात खायची पंचाईत आहे त्या घराने मांडवाचा खर्च काढू नये, तसेच हे. निरोगी झाडाचा दांडा हिरवा असेल तर खालून दोन-तीन पेरे ठेवून वर कापला तरी चालतो, कधीकधी तिथून नवी फांदी फुटून पुन्हा फुले येतात. एवढे झाले की झाड रात्रभर सावलीत, वाऱ्यावर तसेच राहू द्या. मुळे उघडी राहिली म्हणून घाबरायचे कारण नाही.

नवे घर, स्वस्तातले

ऑर्किडला माती नको. नर्सरीत 'ऑर्किड मिश्रण' म्हणून महागडी पिशवी मिळते, पण तिच्यावाचून अडत नाही. आपल्याला लागणाऱ्या वस्तू अशा:

लाकडी कोळसा – इस्त्रीवाल्याकडे किंवा वखारीत मिळतो. बोराएवढे ते सुपारीएवढे तुकडे करून, धुऊन घ्यावेत. राख किंवा चुरा नको.

विटांचे किंवा फुटक्या माठाचे तुकडे – बांधकामाजवळ हवे तितके मिळतात. स्वच्छ धुऊन घ्यावेत. सिमेंट लागलेले घेऊ नयेत.

नारळाच्या सोडणाचे तुकडे – इंचभराचे करून दोन दिवस पाण्यात भिजवावेत आणि पाणी तीन-चार वेळा बदलावे. त्यातला क्षार आणि तांबडा रंग निघून गेला पाहिजे.

मुंबई, ठाणे, कोकण येथील दमट हवेत कोळसा व विटा जास्त आणि सोडण थोडे घ्यावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत सोडणाचे प्रमाण निम्म्यापर्यंत न्यावे, म्हणजे ओल टिकते.

कुंडी लहानच हवी, मुळे जेमतेम मावतील एवढी. मोठ्या कुंडीत ओल अडकून राहते. बाजूला व तळाला भोके असलेली मातीची कुंडी चांगली. नसेल तर बिस्किटांची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्या आणि तापवलेल्या खिळ्याने तळाला व बाजूंना पंधरा-वीस भोके पाडा. हे काम खिडकी उघडून, मोठ्या माणसाने करावे. पारदर्शक बरणीचा फायदा असा की मुळांचा रंग बाहेरून दिसतो. झाड मध्ये धरून भोवतीने तुकडे सोडा. खोडाचा बुंधा वरच राहिला पाहिजे, तो पुरू नका. झाड डुगडुगत असेल तर काडीला सुतळीने सैल बांधा, कारण हलणाऱ्या झाडाची नवी मुळे धरत नाहीत.

पाणी केव्हा?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. "किती दिवसांनी?" असे विचारू नका, "मुळे कशी दिसतात?" असे विचारा. ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखे एक आवरण असते. ते कोरडे असताना चंदेरी दिसते आणि भिजले की हिरवे. बरणीतली मुळे हिरवी आहेत तोवर पाणी नाही. चंदेरी झाली की पाणी. मातीची कुंडी असेल तर हाताने उचलून वजन पाहा, हलकी लागली की पाणी. साधारणपणे उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी आणि पावसाळ्यात आठवड्याने वेळ येते, पण शेवटचा शब्द मुळांचा.

पाणी सकाळी द्यावे. कुंडी मोरीत नेऊन मगभर पाणी वरून फिरवावे आणि पूर्ण निथळू द्यावे. खाली बशीत पाणी साचू देऊ नये. नळाचे पाणी रात्रभर बादलीत भरून ठेवलेले बरे. पावसाचे पाणी उत्तम. बोअरवेलच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर बसतो. तसे दिसल्यास अधूनमधून पावसाच्या किंवा पिण्याच्या पाण्याने धुऊन काढावे. गाभ्यात थेंब साचला तर कापसाने किंवा फडक्याच्या टोकाने टिपून घ्यावा. गाभा कुजण्याचे ते मुख्य कारण आहे.

आजारी झाडाला खत देऊ नये. मुळेच नाहीत तर ते घेणार कोण? नव्या मुळाचे हिरवे टोक दिसले की मग सुरुवात करा. कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत दोन लिटर पाण्यात एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून. चहाची पत्ती, अंड्याची टरफले, दूध, ताक यांतले काही घालू नका. त्याने कोळसा आंबतो आणि मुंग्या-चिलटे येतात.

उजेड आणि वारा

पूर्वेची खिडकी किंवा चाळीच्या गॅलरीतली सावलीची बाजू उत्तम. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नको. पान गडद हिरवे व लांबट झाले तर उजेड कमी पडतो आहे असे समजा. पिवळट किंवा लालसर झाले तर उजेड जास्त. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात छताजवळ ठेवू नका, जमिनीलगत ठेवा. खिडकीच नसेल तर एलईडी ट्यूबच्या खाली फूटभर अंतरावर रोज दहा-बारा तास ठेवूनही झाड तग धरते.

चुलीच्या, गॅसच्या धगीपासून लांब ठेवा. तसेच आंब्याची पेटी किंवा केळ्यांचा घड पिकत असेल त्याच्या शेजारी कळ्या आलेले झाड ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने कळ्या गळतात. पानांच्या खाली कापसासारखे पांढरे पिठ्या ढेकूण किंवा तपकिरी खवले दिसले, तर साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवलेल्या कापसाने आठ-आठ दिवसांनी पुसून काढा.

एक सूचना. आपली कुंडी उभ्या, उसासारख्या कांड्यांची असेल तर ती डेंड्रोबियम जात. तिची पाने गळलेली जुनी कांडी वाळलेली समजून बरेच जण कापून टाकतात. ती कापू नका. हिरवी, टणक असेल तोवर त्या कांडीत झाडाची शिल्लक साठवलेली असते. त्याच कांडीच्या पेरावर पुढे फूल किंवा छोटे रोपही येते. या जातीला उजेड जास्त लागतो आणि मुंबईच्या हवेत ती फॅलेनॉप्सिसपेक्षा सहज फुलते.

टाकलेली कुंडी आणि गेटपास

आमच्या वसाहतीतल्या एक मावशी ठेकेदारामार्फत एका कार्यालयात सफाईचे काम करतात. तिथे कार्यक्रम झाला की महिनाभराने फुले गळालेल्या कुंड्या कचऱ्याच्या पिंपाजवळ येतात. अशीच एक कुंडी मावशींनी पिशवीत घातली. फाटकावर सुरक्षा रक्षकाने अडवले. चार लोकांदेखत पिशवी उघडायला लावली, "कुणाला विचारून घेतलं?" असे विचारले. पुढे वरिष्ठांनी सांगितले की त्या वस्तू टाकलेल्याच आहेत आणि प्रकरण मिटले. पण भर फाटकात झालेली मानहानी मिटत नाही. मावशी म्हणाल्या, "भाऊ, कचरा आमच्या हातानं उचलायचा, पण तो आमच्या घरी गेला की चोरी."

भगिनींनो, यासाठी एक गोष्ट पाळा. वस्तू टाकाऊ असो की भेट मिळालेली, बाहेर नेण्यापूर्वी सुपरवायझरकडून दोन ओळींची चिठ्ठी किंवा गेटपास घ्या. त्यावर तारीख आणि सही घ्या. मागायला संकोच करू नका. चिठ्ठी मागणे म्हणजे कुणापुढे हात पसरणे नव्हे, ते आपले संरक्षण आहे. एका कुंडीपायी नोकरीवर डाग लागता कामा नये.

त्या कुंडीचे पुढे काय झाले तेही सांगतो. मुळे धुतली तेव्हा दोनच जिवंत निघाली, पाने तीन. कोळसा-विटांच्या बरणीत ती बसवली. सातवीतल्या त्यांच्या नातीने एक जुनी वही घेतली. तारीख, पाणी दिले की नाही, मुळांचा रंग, एवढेच तीन रकाने. दोन महिने काहीच घडले नाही. तिसऱ्या महिन्यात बुंध्यातून एक हिरवे टोक बाहेर पडले. ते मूळ होते. चौथ्या महिन्यात नवे पान. सुरकुतलेली जुनी पाने पूर्वीसारखी झाली नाहीत, ती होतही नाहीत, पण नवे पान ताठ आले. फुलदांडा दिसायला दीड वर्ष लागले. त्यावर पाच फुले आली. नर्सरीतल्यासारखी पंधरा नाही, पाचच. पण वहीत शेवटच्या रकान्यात नातीने प्रत्येक फुलाची तारीख लिहिली आहे.

धीर किती धरावा?

आजारी झाडाला नवे मूळ यायला एक ते तीन महिने लागतात, फूल यायला एक ते दोन वर्षे. एकही मूळ उरले नसेल तर पारदर्शक पिशवीत थोडे ओलसर शेवाळ ठेवून, त्यावर झाड टेकवून, पिशवीचे तोंड सैल बांधून सावलीत ठेवतात. दर दोन-तीन दिवसांनी हवा घालायची, बुरशी दिसते का पाहायचे. काही झाडे यातून उठतात, काही उठत नाहीत. नाही उठले तर स्वतःला दोष देऊ नये.

फॅलेनॉप्सिसला फुलदांडा यायला काही आठवडे थोडी थंडी लागते. रात्रीचे तापमान पंधरा ते वीस अंशांच्या आसपास आले की दांडा निघतो. पुणे-नाशिककडे हे हिवाळ्यात सहज जमते. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकीजवळ ठेवावे, तरी एखादे वर्ष फुलांशिवाय जाईल. झाड निरोगी असेल तर ते वर्ष फुकट गेले असे समजू नये. नवे टोक गोल आणि गुळगुळीत असेल तर ते मूळ, चपटे आणि बोटाच्या टोकाला अंगठा जोडल्यासारखे असेल तर तो फुलदांडा.

शेवटी रानातल्या आमरीबद्दल. गावी गेल्यावर फांदीवरची सीतेची वेणी ओरबाडून शहरात आणू नका. ती इथे टिकत नाही आणि तिकडे तिची जागा रिकामी होते. रानातल्या आमरीच्या व्यापारावर कायद्याचे निर्बंध आहेत. घरात लावायला प्रयोगशाळेत तयार झालेली रोपे पुष्कळ मिळतात, आणि त्याहून पुष्कळ रोज कचऱ्यात जातात. त्यांतले एखादे तुमच्या वाट्याला आले तर या आठवड्यात एवढेच करा. कुंडीतून बाहेर काढा, मुळे धुवा, दाबून पाहा आणि एका जुन्या वहीत तारीख टाका. वहीचे काम घरातल्या मुलांना द्या. गणिताच्या पुस्तकापेक्षा नोंद ठेवण्याची सवय त्यातून लवकर लागते.

ज्यांची झाडे अडली आहेत त्यांनी पाने किती, जिवंत मुळे किती आणि कुंडी कोणत्या दिशेला ठेवता, एवढे साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. सर्वांना मिळून उत्तर देईन. पुढील अंकात: पावसाळ्यात धान्याला लागणारी कीड आणि कडुनिंबाचा पाला.